खेळाडू-बदलाचा नियम आणि ‘नो-हडल’ आक्रमण : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील एका वादाची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हा आपल्याकडे फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून सर्वस्वी वेगळा आहे. त्यात चेंडू मुख्यतः हातात धरून वा फेकून पुढे न्यावयाचा असतो आणि खेळ सलग न चालता लहान लहान खेळींमध्ये विभागलेला असतो. दोन खेळींच्या मधल्या विरामात आक्रमक संघाचे अकरा खेळाडू कोंडाळे करून पुढील डावपेच ठरवितात. या कोंडाळ्यास ‘हडल’ म्हणतात. ते न करता थेट रांगेत उभे राहून पुढची खेळी सुरू करणे म्हणजे ‘नो-हडल’ आक्रमण होय. चिप केली हे २००९ ते २०१२ या काळात ऑरेगॉन विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक असताना या पद्धतीस जो वेग आला, त्याने प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांची झोप उडविली. प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या गुणदोषांपेक्षा तिला बळ पुरविणाऱ्या खेळाडू-बदलाच्या नियमाची चिकित्सा केली आहे.

नियमाचे स्वरूप

एक खेळी संपल्यानंतर पुढील खेळी सुरू करण्यासाठी २००८ पासून बहुतांश प्रसंगी ४० सेकंदांचे घड्याळ चालते. तत्पूर्वी पंचाने इशारा दिल्यावर २५ सेकंद मोजले जात. जुन्या पद्धतीत खेळाची गती काही अंशी पंचाच्या हाती होती. नव्या पद्धतीत ती आक्रमक संघाच्या हाती आली. चेंडू जागेवर ठेवला गेला की तो केव्हा उचलायचा, हे आक्रमक संघच ठरवितो.

येथे खेळाडू-बदलाचा नियम येतो. आक्रमक संघाने खेळाडू बदलला, तर बचाव करणाऱ्या संघासही तशी संधी मिळावी म्हणून पंच चेंडूजवळ उभा राहून खेळी रोखून धरतो. आक्रमक संघाने खेळाडू बदललाच नाही, तर मात्र पंच खेळी रोखत नाही. बचाव संघास खेळाडू बदलण्याची मनाई नसते, हे येथे आवर्जून लक्षात घेतले पाहिजे. या वादात ही गोष्ट वारंवार निसटते. त्याला बदल करता येतो, पण तो स्वतःच्या जोखमीवर. बाहेर जाणारा खेळाडू रेषेपलीकडे पोहोचण्याआधी चेंडू खेळात आला, तर मैदानावर बारा जण सापडतात आणि पाच यार्डांचा दंड बसतो. म्हणजे बचाव संघाचा हक्क कागदावर अबाधित असला, तरी तो वापरण्यास लागणारा वेळ दुसऱ्याच्या खिशात असतो.

याचा परिणाम केवळ दमणुकीपुरता नाही. चेंडू झेलणारा आणि प्रसंगी अडथळा करणारा एकच धिप्पाड खेळाडू कधी आघाडीच्या रांगेला चिकटून, तर कधी मैदानाच्या कडेला उभा राहू शकतो. त्यामुळे तेच अकरा खेळाडू एका खेळीत बळाचा आणि पुढच्याच खेळीत पसरट, फेकीचा डाव मांडतात. माणसे तीच राहतात, रचना मात्र बदलते. नियमाची दृष्टी माणसांवर आहे, रचनेवर नाही. साहजिकच पहिल्या डावासाठी उतरविलेला बचाव संघाचा जड खेळाडू दुसऱ्या डावात चपळ प्रतिस्पर्ध्यासमोर अडकून पडतो. ‘नो-हडल’चे खरे सामर्थ्य धावपळीपेक्षा या कोंडीत आहे, असे म्हणावे लागते.

२०१४ चा प्रस्ताव

फेब्रुवारी २०१४ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेच्या फुटबॉल नियम समितीने एक प्रस्ताव पुढे केला. घड्याळातील ४० सेकंदांपैकी पहिली दहा सेकंदे उलटेपर्यंत आक्रमक संघाने खेळी सुरू करू नये, म्हणजे बचाव संघास हवे ते बदल करता येतील. प्रत्येक अर्धातील अखेरची दोन मिनिटे यास अपवाद होती. नियम मोडल्यास पाच यार्डांचा दंड सुचविला होता. अलाबामाचे निक सेबन व आर्कान्साचे ब्रेट बिलेमा या प्रशिक्षकांनी समितीपुढे वेगवान खेळाविषयीची चिंता मांडली होती. कारण दिले गेले ते खेळाडूंच्या सुरक्षिततेचे.

हे कारण तपासून पाहण्याजोगे आहे. त्या काळी एनसीएएचे नियम दोन वर्षांतून एकदा बदलत आणि २०१४ हे बदलाचे वर्ष नव्हते. अशा वर्षी सुरक्षिततेशी निगडित बदलांनाच वाट मोकळी असे. डावपेचांविषयीच्या तक्रारीस सुरक्षिततेचा अंगरखा चढविण्याची निकड या व्यवस्थेतूनच निर्माण झाली, असे मानण्यास जागा आहे. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील एका विद्यार्थी-खेळाडूचा सरावाच्या धावण्यात मृत्यू झाला होता. बिलेमा यांनी त्याचा दाखला दिला आणि त्यावर टीका झाली. ती रास्तच होती. तो मृत्यू सामन्यात झालेला नव्हता आणि खेळाडू-बदलाशी त्याचा संबंध नव्हता.

अधिक मूलभूत दोष तर्काचा आहे. खेळी जितक्या जास्त, तितके शरीरावरील आघात जास्त, हा युक्तिवाद तत्त्वतः टिकणारा आहे. परंतु प्रस्ताव खेळींच्या संख्येविषयी नव्हताच, तो दोन खेळींमधील अंतराविषयी होता. शिवाय वेगवान संघही पहिल्या दहा सेकंदांत क्वचितच खेळी सुरू करतात, असे समितीनेच नमूद केले होते. तसे असेल तर या नियमाने कोणाचे संरक्षण होणार होते? रिच रॉड्रिग्ज, गस माल्झान यांसारख्या प्रशिक्षकांनी पुरावा मागितला. तो पुढे आला नाही आणि मार्चमध्ये प्रस्ताव बाजूला ठेवला गेला. आघातांची एकूण संख्या घटविण्याचा मार्ग २०२३ मध्ये वेगळ्याच दिशेने काढला गेला. पहिला डाउन मिळविल्यानंतर सामन्याचे घड्याळ थांबविणे, अर्धांतील अखेरची दोन मिनिटे वगळता, बंद करण्यात आले. संख्येच्या प्रश्नाला संख्येचे उत्तर मिळाले. पुढे सेबन यांच्या संघानेही वेगवान पद्धत अंगीकारली, हे जाता जाता नोंदवावे.

तथापि विरोधकांची बाजूही निर्दोष नाही. ‘वेग हाच खेळाचा स्वभाव’ या त्यांच्या भूमिकेला इतिहासाचा आधार नाही. १९५३ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलने मुक्त खेळाडू-बदल बंद केला, एकाच खेळाडूस आक्रमण व बचाव दोन्ही करावयास लावले, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती बंधने टप्प्याटप्प्याने सैल केली. प्रत्येक खेळीगणिक विशेषज्ञ बदलण्याचा हक्क जितका कृत्रिम, तितकाच तो बदलू न देण्याचा वेगही कृत्रिम आहे. दोन्ही नियमांचीच अपत्ये आहेत.

पळवाटा आणि त्यांचे मोल

वेळ मागता येत नाही तेव्हा तो मिळविण्याच्या पळवाटा शोधल्या जातात. २०१० मध्ये ऑरेगॉनविरुद्धच्या सामन्यात खेळाडूला दुखापतीचे सोंग करावयास सांगितल्याबद्दल कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या एका साहाय्यक प्रशिक्षकास एका सामन्यापुरते निलंबित केले. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी तर ऑरेगॉनने बचावात असताना, सामन्याच्या अखेरच्या क्षणी, ओहायो स्टेटविरुद्ध बारा खेळाडू उभे केले. पाच यार्डांचा दंड झाला, पण चार सेकंदे कायमची गेली आणि सामना ऑरेगॉनने ३२-३१ असा जिंकला. काही दिवसांतच एनसीएएने अशा प्रसंगी घड्याळ पूर्ववत करण्याचा पर्याय आक्रमक संघास दिला. ही दुरुस्ती सोपी होती, कारण तीत हरवलेली वस्तू म्हणजे सेकंद मोजता येत होती.

दुखापतीच्या सोंगावरील उपाय इतका सोपा नाही. २०२५ च्या हंगामापासून, चेंडू पुढील खेळीसाठी जागेवर ठेवल्यानंतर जखमी खेळाडूसाठी वैद्यकीय पथक मैदानात आले, तर त्या संघाचा एक टाइम-आउट खर्ची पडतो, आणि तो शिल्लक नसल्यास पाच यार्डांचा दंड होतो. सोंग ओळखण्याची जबाबदारी पंचावरून निघाली, हा या नियमाचा व्यावहारिक गुण होय. परंतु वेगवान संघ चेंडू लवकर जागेवर आणवितो. दुखापत झालेल्या विद्यार्थ्यास ती उठताना जाणवते, कधी दोन पावले चालल्यावर जाणवते. तो खाली बसतो तेव्हा चेंडू जागेवर असेल, तर त्याच्या खऱ्या वेदनेचीही किंमत संघाला मोजावी लागते, आणि हे त्यालाही ठाऊक असते.