समितीत कोण बसणार? पदवीधर मतदार नोंदणी आणि नमुना निवडीतली चूक

नमुना निवड म्हणजे प्रश्नावली कोणाला वाटायची एवढंच, असं बऱ्याच जणांना वाटतं. पेटच्या तयारीत आपण त्याचे प्रकार पाठ करतो आणि विसरून जातो. पण एखादी समिती नेमणं हीसुद्धा नमुना निवडच असते. एक ताजं उदाहरण घेऊन हे बघू.

आमच्या भागातल्या एका मंडळाने पदवीधरांची मतदार नोंदणी वाढावी म्हणून सल्लागार समिती नेमायचं ठरवलं. सदस्यांची कच्ची यादी अभिप्रायासाठी माझ्याकडे आली. नावं अकरा: चार प्राचार्य, दोन निवृत्त प्राध्यापक, दोन माजी अधिसभा सदस्य, एक वकील, एक पत्रकार आणि एक निवृत्त नायब तहसीलदार. सगळी माणसं जाणकार, हेतूही चांगला. तरी ही यादी संशोधनाच्या कसोटीवर टिकत नाही, असं माझं मत आहे. का ते सांगतो.

आधी नोंदणी कशी होते ते बघा. राज्यघटनेच्या कलम १७१नुसार विधान परिषदेच्या साधारण एक-द्वादशांश जागा पदवीधर निवडतात. महाराष्ट्रात ७८ पैकी ७ जागा अशा आहेत. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे ते आपोआप येत नाही. नमुना १८ भरावा लागतो, १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाच्या किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली असावी लागते आणि तिच्या पुराव्याची साक्षांकित प्रत जोडावी लागते. शिवाय यादी दर वेळी नव्याने तयार होते. मागच्या वेळी मतदान केलं असलं, तरी पुन्हा अर्ज!

आता खरी गंमत बघा. एकगठ्ठा अर्ज स्वीकारत नाहीत, पण संस्थाप्रमुखाला आपल्या पात्र कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र पाठवता येतात. म्हणजे कॉलेजात नोकरी करणाऱ्याचं काम ऑफिसातून होऊ शकतं. शेती करणारा, दुकानात काम करणारा किंवा घर सांभाळणारी पदवीधर मात्र स्वतःच धावपळ करणार. यादीतली बहुतेक माणसं पहिल्या गटातली आहेत. नोंदणीत अडचण काय, हे आपण ज्यांना ती फारशी आलीच नाही त्यांना विचारतोय.

माझ्या बहिणीचंच सांगतो. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. अर्ज घेऊन गेली तर दोन नावं एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा मागितला. विवाह नोंदणी केलेली नव्हती. "पुढच्या वेळी बघू" म्हणत परत आली, आणि इथे पुढची वेळ सहा वर्षांनी येते. कच्च्या यादीत एक बाई आहेत, त्या प्राचार्य आहेत. ताईचा प्रश्न त्यांना ऐकून माहीत असेल, पण त्यावर उपाय सुचवताना नेमकी कुठली पायरी अडते, हे ताईच सांगू शकते.

राज्यशास्त्रात बार्बरा गेडिस यांचा १९९०चा एक लेख या चुकीबद्दल आहे. ज्या ठिकाणी परिणाम दिसला तीच उदाहरणं घेतली, तर कारणांबद्दलचा निष्कर्ष फसतो. फक्त नोंदणी झालेल्यांशी बोललात तर "जागृती कमी आहे" हेच उत्तर येणार. मग पोस्टर छापायचे, व्याख्यान ठेवायचं. कागदपत्रांची अडचण तिथल्या तिथेच राहते.

दुसरा आक्षेप हितसंबंधांचा. यादीत कोण येतं यावर निकाल ठरू शकतो. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची पदवीधर निवडणूक आठवा. ऑगस्ट २०२३ मध्ये मतदार यादीच्या तक्रारींनंतर ती थांबली आणि मतदान झालं थेट २४ सप्टेंबर २०२४ला. ती नोंदणी विद्यापीठ कायद्याखालची, परिषदेची निवडणूक आयोगाची. दोन्हींची गल्लत करू नका. पण धडा एकच: ज्यांना स्वतः उभं राहायचंय किंवा कोणाचा प्रचार करायचाय, त्यांचं म्हणणं जरूर ऐकावं, सदस्य मात्र करू नये.

मग निवड कशी करायची? नावांच्या आधी पायऱ्या लिहा: माहिती मिळणं, कागद जमवणं, साक्षांकन, अर्ज देणं, प्रारूप यादीत नाव तपासणं. प्रत्येक पायरीवर अडलेलं कोण आणि ती पायरी आतून ओळखणारं कोण, असे दोन रकाने करा. त्यातून माणसं शोधा. निवृत्त नायब तहसीलदार इथेही बसतात. ती निवड मला पटली. चार प्राचार्यांऐवजी एक पुरेत. याला सहेतुक नमुना निवड म्हणतात. तिच्यातून कारणं सापडतात, प्रमाण नाही. समितीतल्या तीन जणींना एकच अडचण आली, म्हणून सगळ्या स्त्रियांची तीच अडचण, असं लिहू नका. त्यासाठी वेगळं सर्वेक्षण लागेल.

एवढं टिपण मी पाठवलं. उत्तर आलं, दोन नावं वाढवली: एक गृहिणी, एक दूध संकलन केंद्रावर काम करणारा पदवीधर. बरं वाटलं. मग बैठकीची वेळ पाहिली: मंगळवारी सकाळी अकरा, जिल्ह्याच्या ठिकाणी, प्रवासखर्च नाही. म्हणजे नाव यादीत आलं, माणूस खुर्चीवर येईलच असं नाही. पुन्हा पत्र लिहिलंय.

तुमचा सिनॉप्सिस काढा आणि उत्तरदात्यांची यादी बघा. तुमच्या विषयात परत पाठवलेली 'ताई' कोण आहे? ती यादीत नसेल तर मार्गदर्शकांकडे जाण्याआधी एवढं दुरुस्त करा.