आधी कुलूप, मागाहून किल्ली

विकर आणि त्याला चिकटणारा रेणू यांचे नाते शिकवताना आपण सगळेच कुलूप-किल्लीची उपमा देतो. आम्हीही वर्षानुवर्षे दिली. फळ्यावर खाच असलेला ठोकळा, शेजारी त्या खाचेत नेमका बसणारा तुकडा. मुलांना चटकन कळते. उपमा मूळची एमिल फिशर यांची, १८९४ सालची. एकाच शर्करेच्या दोन संयुगांत फरक केवळ एका बंधाच्या दिशेचा, तरी एक विकर पहिल्यालाच तोडते आणि दुसरे दुसऱ्यालाच, हे त्यांना समजावून सांगायचे होते. तेवढ्या कामाला ती चोख आहे.

आमची तक्रार पुढच्या धड्यापाशी सुरू होते. उत्क्रांती शिकवताना एखादी चौकस मुलगी विचारते, "किल्लीच नसेल तर कुलूप कशाला तयार होईल?" प्रश्न बिनतोड आहे, चूक उपमेची. कुलूप आणि किल्ली एकाच कारागिराच्या हातून जोडीने बाहेर पडतात. प्रथिनांचा इतिहास तसा नाही.

मूत्रपिंडात मिठाचा तोल राखणारे अल्डोस्टेरॉन आणि ताणाच्या वेळी उपयोगी पडणारे कॉर्टिसॉल ही दोन संप्रेरके घ्या. त्यांना ओळखणारी दोन ग्राही प्रथिने एकाच पूर्वज-जनुकाची प्रत निघून झालेली भावंडे आहेत. जोसेफ थॉर्नटन आणि सहकाऱ्यांनी आजच्या प्राण्यांतील ग्राही प्रथिनांची तुलना करून ४५ कोटी वर्षांहून जुन्या त्या पूर्वज-प्रथिनाची रचना अनुमानाने ठरवली, प्रयोगशाळेत ते तयार केले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे प्रथिन अल्डोस्टेरॉनला उत्तम प्रतिसाद देत होते. आणि अल्डोस्टेरॉन तर पृथ्वीवर फार उशिरा आले! लॅम्प्रे या जबडा नसलेल्या माशात ते आजही तयार होत नाही, पण त्याचे ग्राही प्रथिन त्याला दाद देते. ती खाच बहुधा डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन या जुन्या संप्रेरकासाठी कामात होती. नवे संप्रेरक त्याच घराण्यातले, म्हणून ते तीत सहज बसले.

कॉर्टिसॉलचे ग्राही वेगळे झाले ते मुख्यतः दोन अमिनो आम्ले बदलून: एका जागी सेरीनऐवजी प्रोलीन, दुसऱ्या जागी ल्यूसीनऐवजी ग्लूटामीन. यातला दुसरा बदल एकटाच झाला तर ग्राही जवळजवळ निकामी होते. पहिला आधी झाला तर मात्र जुन्या संप्रेरकाचे काम चालू राहते, आणि मग दुसऱ्याला वाट मिळते. वर्गात आम्ही सर्वाधिक वेळ इथे घालवतो.

वरच्या वर्गांच्या पुस्तकांत कोशलंड यांची १९५८ ची दुरुस्ती असते: रेणू येताच खाच आपला आकार जुळवून घेते. दुरुस्ती योग्यच, पण ती आकाराची झाली. इतिहासाचा प्रश्न तसाच उरतो.

हल्ली आम्ही थोरल्याच्या सदऱ्याचे उदाहरण देतो. धाकट्याला तो सैल का होईना, होतो. पुढे दोन टाके घातले की अंगाबरोबर बसतो. "पण टाके घालायला शिंपी लागतोच ना?" असे एका मुलाने लगेच ऐकवले.