चरित्र की कैफियत?

वडिलांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने एक लहानसे स्मरणपुस्तक काढावे असे घरच्या मंडळींनी ठरवले, आणि त्यातला चरित्राचा लेख मी लिहावा हेही मला न विचारताच ठरवून टाकले. वडील तालुक्याच्या गावी प्रजासमाजवादी पक्षाचे काम करीत. १९६४ साली अशोक मेहतांच्या मागोमाग जे पुष्कळ लोक काँग्रेसमध्ये गेले, त्यांत तेही होते. त्या दिवाळीत आमच्या घरून एका स्नेह्याकडे गेलेले फराळाचे ताट झाकलेले तसेच परत आले. जन्म, शिक्षण, तुरुंगवास, इथवर लेख सुरळीत चालतो आणि १९६४ पाशी येऊन बसतो. वडिलांच्या कागदांत राजीनामापत्राचे तीन मसुदे आहेत. पहिला चार पानी, दुसरा दीड पानी, आणि प्रत्यक्ष धाडलेला तीन ओळींचा. पहिल्यात एक ओळ खोडलेली आहे, पण वाचता येते.

अशा अडचणीत लेखकाने काय करावे? दुसऱ्यांनी काय केले ते पाहावे. म्हणून मी विन्स्टन चर्चिलने लिहिलेले आपल्या बापाचे चरित्र पुन्हा काढले, आणि त्याच्या पाठोपाठ त्याने लिहिलेले पूर्वज मार्लबरोचे चतुःखंडी चरित्रही वाचून काढले. चर्चिलला १९५३ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ते त्याच्या महायुद्धाच्या इतिहासामुळे आणि वक्तृत्वामुळे मिळाले असा सर्वसाधारण समज झाला. माझ्या मते त्याचा लेखकपणा जोखायचा असेल तर या दोन चरित्रांवर जोखावा. कारण येथे त्याचे स्वतःचेच प्रकरण कोर्टात आहे.

ते प्रकरण थोडक्यात असे. १९०० साली चर्चिल ओल्डहॅममधून काँझर्व्हेटिव्ह पक्षातर्फे निवडून आला. १९०३ साली जोसेफ चेंबरलेनने आयात मालावर जकात बसवण्याची मोहीम सुरू केली, आणि खुल्या व्यापाराचा कैवार घेऊन ३१ मे १९०४ रोजी चर्चिल सभागृहात शिरला तो उलट बाजूला वळून लिबरलांच्या बाकावर लॉइड जॉर्जशेजारी जाऊन बसला. लिबरल मंत्रिमंडळांत त्याने व्यापार, गृह आणि आरमार ही खाती सांभाळली. १९१५ साली डार्डनेल्सच्या मोहिमेत त्याची अब्रू गेली. १९२२ साली डंडीत पराभव, पुढच्या वर्षी लेस्टरमध्ये पराभव, मार्च १९२४ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या पोटनिवडणुकीत अवघ्या ४३ मतांनी पराभव. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो एपिंगमधून निवडून आला, आणि बॉल्डविनने या वीस वर्षांमागच्या पळपुट्याला एकदम अर्थमंत्री केले! पक्ष सोडणे कोणालाही जमते, पण परत येऊन पुन्हा जागा मिळवायला अक्कल लागते, अशा अर्थाचे एक वाक्य त्याच्या नावावर सांगतात. वाक्य त्याचे असो वा नसो, त्याला शोभते खरे.

बाप लॉर्ड रँडॉल्फ हाही अर्थमंत्रीच होता, पण पाच महिने. डिसेंबर १८८६ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, लष्कर-आरमाराच्या खर्चावरून त्याने विंडसर कॅसलच्या कागदावर राजीनामा लिहिला. पंतप्रधान सॉल्सबरी आपल्याला सोडणार नाही अशी त्याची अटकळ होती. सॉल्सबरीने सोडले. त्यानंतर रँडॉल्फला पुन्हा मंत्रिपद मिळाले नाही, आणि जानेवारी १८९५ मध्ये तो वारला. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता. बापाशी त्याचे मोकळेपणाने बोलणे असे फारसे झालेच नव्हते.

‘लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल’ हे द्विखंडी चरित्र जानेवारी १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे लेखन आणि लेखकाचा पक्षत्याग एकाच काळात चालले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवून ते वाचावे. भाषा घाटदार आहे, पत्रव्यवहाराचा उपयोग कुशल आहे, आणि तिशी-एकतिशीच्या माणसाने इतकी मोठी सामग्री इतक्या हुकमतीने हाताळावी याचे नवल वाटते. पण शंभरेक पाने वाचल्यावर मला एक संशय येऊ लागला आणि तो शेवटपर्यंत गेला नाही. मुलगा बापाविषयी लिहीत नसून बापाकडून स्वतःसाठी वकीलपत्र लिहून घेत आहे. रँडॉल्फ हा लोकाभिमुख टोरी. पक्षातल्या जुन्या खोडांनी त्याला ओळखले नाही. काटकसरीच्या तत्त्वासाठी त्याने पद सोडले. असा माणूस त्या पक्षात राहिला हीच चूक झाली. चर्चिल हे शेवटचे वाक्य लिहीत नाही, वाचकाकडून वदवून घेतो. समारोपात तर तो दोन्ही पक्षांना ओलांडून, कोणत्याच पक्षाच्या रांगेत न बसणाऱ्या इंग्लंडकडे दाद मागतो. ती दाद कोणासाठी आहे? रँडॉल्फने मरेपर्यंत टोरी पक्ष सोडला नव्हता.

रॉय फॉस्टरने १९८१ साली रँडॉल्फचे राजकीय चरित्र लिहिले. त्यातला रँडॉल्फ मुलाने रंगवलेल्या तत्त्वनिष्ठाहून बराच निराळा, डावपेचांत रमणारा आणि वेळ पाहून भूमिका बदलणारा आहे. मुलाच्या पुस्तकातही असे प्रसंग येतात, पण ते एखाद्या धार्मिक घरात दारूची बाटली यावी तसे येतात, झाकून. मुलगा बापावर प्रेम करतो यात वावगे काही नाही. वावगे हे, की त्याला बापाचा एकही दोष परवडत नाही, कारण तो दोष लगेच त्याच्या स्वतःच्या खाती पडेल. असे चरित्र म्हणजे कैफियत. कैफियतीला वाङ्मयीन गुण असू शकतात, पण तिच्यात माणूस दिसत नाही. दिसते ती बाजू.

पुढे १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधसंग्रहात चर्चिलने राजकारणातील सुसंगतीवर एक निबंध घातला आहे. परिस्थिती पालटली तर साध्य कायम ठेवण्यासाठी माणसाला बाजू बदलावी लागते, असा त्याचा मुद्दा आणि एडमंड बर्क हे त्याचे उदाहरण. युक्तिवाद चांगला आहे. फक्त एक अडचण राहते. ज्या खुल्या व्यापारासाठी त्याने १९०४ साली पक्ष सोडला, त्या तत्त्वाला त्याने १९३० च्या सुमारास निरोप दिला, आणि त्या वेळी मात्र पक्ष सोडला नाही. निबंध वाचताना मला हे आठवत राहिले. लिहिताना त्यालाही आठवले असेल.

मार्लबरोकडे वळण्यापूर्वी थोडे आपल्या मुलखात यावे लागते. ऑक्टोबर १८९६ मध्ये एकवीस वर्षांचा हा घोडदळातील अधिकारी मुंबईला ससून डॉकवर उतरला. होडीतून पायऱ्यांवर पाय ठेवताना भिंतीतली लोखंडी कडी धरली, लाटेने होडी खाली ओढली आणि उजवा खांदा निखळला. तो त्याला जन्मभर पुरला. तेथून काही दिवस पुण्याच्या छावणीत. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टकडच्या मेजवानीत गव्हर्नरने सौजन्यापोटी मत विचारले आणि या पोराने ते सढळ हाताने दिले. ही हकीकत त्याने आत्मचरित्रात स्वतःची चेष्टा करीत सांगितली आहे. मुंबईत त्याच सुमारास प्लेगने पाय पसरले होते, आणि आठ महिन्यांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. पुण्याच्या वाचकाला ती मेजवानीची पाने हसत हसत वाचता येतात, पण पुरती नव्हेत. असो. पुण्याहून तो बंगलोरला गेला, आणि सकाळची कवायत व संध्याकाळचा पोलो यांच्या मधल्या उन्हाच्या वेळी आईने विलायतेहून धाडलेले गिबन आणि मेकॉले वाचत पडला. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या या माणसाची शैली तेथे घडली.

आणि मार्लबरोवरचे सर्वांत जहाल आरोपपत्र मेकॉलेचेच आहे! मार्लबरोचा ड्यूक, म्हणजे जॉन चर्चिल, हा ब्लेनहाइमच्या लढाईचा (१७०४) विजेता सेनापती. पण मेकॉलेच्या इतिहासात तो बहिणीच्या बदफैलीवर वर चढलेला, पैशाचा लोभी आणि विश्वासघातकी असा उभा आहे. विश्वासघात दोन. १६८८ साली राजा दुसरा जेम्स याला ऐन वेळी सोडून तो विल्यम ऑफ ऑरेंजला मिळाला. आणि १६९४ साली, विल्यमच्या राज्यात असताना, ब्रेस्टवरील इंग्रजी स्वारीची बातमी परागंदा जेम्सला पत्राने कळवली. १९३३ ते १९३८ या काळात, म्हणजे मंत्रिपदाबाहेर पडून असताना, चर्चिलने चार खंड लिहिले ते या आरोपांना उत्तर म्हणून. ज्याच्यापासून वाक्य फेकायला शिकला त्याच्यावरच ते फेकले. मेकॉलेला त्याने लबाड म्हटले, आणि मेकॉलेच्या नात्यातील इतिहासकार ट्रेव्हेलियनला जाहीर हरकत घ्यावी लागली.

ब्रेस्टच्या पत्राचा भाग मला फिका वाटतो. पत्र बनावट आहे हे सिद्ध करण्यासाठी चर्चिल कागदांची उलटतपासणी करतो; मूळ पत्र उपलब्ध नाही हा मुद्दा त्याला चांगला सापडला आहे. पण जेम्सच्या गोटाशी मार्लबरोचे संधान होतेच, हे त्यालाही मान्य करावे लागते. येथे तो पुन्हा वकील आहे, फक्त अधिक तयारीचा.

१६८८ चे प्रकरण मात्र निराळे आहे, आणि त्याच्यासाठीच मी हा लेख लिहितो आहे. वस्तुस्थिती पाहा. ऑगस्टमध्ये मार्लबरोने विल्यमला पत्र लिहून आपण त्याचे झालो असे कळवले. नोव्हेंबरात विल्यम इंग्लंडात उतरला, तेव्हा जेम्सने याच माणसाला लेफ्टनंट जनरलची बढती दिली, आणि याने ती घेतली. राजाबरोबर तो सॉल्सबरीच्या छावणीत गेला, आणि २३ नोव्हेंबरच्या रात्री मागे एक पत्र ठेवून निघून गेला. ज्या राजाने लहानपणापासून हात धरून वर आणले, त्याला. कैफियत लिहिणाऱ्याने यातला ऑगस्ट दूर ठेवला असता, बढती तळटीपेत टाकली असती. चर्चिल तसे करीत नाही. धर्म आणि पार्लमेंट यांसाठी हे करणे प्राप्त होते असे तो म्हणतोच, पण हे ज्या रीतीने झाले ती रीत किती कुरूप होती, हे तो वाचकाला पाहू देतो. साडेतीन महिने दोन निष्ठा अंगावर वागवणारा माणूस छावणीतल्या त्या रात्रीपर्यंत कसा चालत गेला असेल, हे येथे वाचकाला जाणवते. पक्षांतर हा शब्द आपण निकालासारखा वापरतो. त्याच्या आधीचे ते साडेतीन महिने येथे पाहायला मिळतात.

आपल्याकडे याच काळातले उदाहरण आहे. १७०७ साली खेडच्या लढाईत ताराबाईंचा सेनापती धनाजी जाधव शाहूला जाऊन मिळाला. त्याला आपण फितूर म्हणत नाही. शाहू छत्रपती झाला. खेडच्या आदल्या रात्री धनाजीच्या राहुटीत काय चालले असेल? शाहूची वडीलकी, बाळाजी विश्वनाथाची मध्यस्थी, एवढी कारणे सांगून आपण पुढे जातो. आजही वर्तमानपत्रांत पक्षांतराची बातमी येते ती संख्येची. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली तेव्हापासून तर हा विषय गणिताचा आणि वकिलांचाच झाला, आणि २०२२ नंतर महाराष्ट्रातल्या पोराटोरांनाही दहावे परिशिष्ट पाठ झाले.

चर्चिलविषयी लिहिताना भारतीय वाचकाला एक प्रश्न चुकवता येत नाही. दोनदा पक्ष बदललेला हा माणूस एका बाबतीत कधी बदलला नाही. हिंदुस्थानला वसाहतीचे स्वराज्य देण्याच्या धोरणावरून जानेवारी १९३१ मध्ये त्याने स्वपक्षाच्या नेतृत्वाशी फारकत घेतली, पुढच्याच महिन्यात गांधीजींना फकीर म्हणून हिणवले, आणि १९३५ च्या कायद्याला अखेरपर्यंत विरोध केला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्याच्या मंत्रिमंडळाने धान्याची जहाजे देताना जो हात आखडला, त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही. ज्यांना पक्षांतर म्हणजे चारित्र्यभंग आणि अढळपणा म्हणजे चारित्र्य असे वाटते, त्यांनी हे नीट पाहावे. खुल्या व्यापारावर तो जितका लवचीक होता तितका हिंदुस्थानवर असता तर, असे मला फार वेळा वाटले आहे.

त्याचे एक छोटे लिखाण आहे, नोव्हेंबर १९४७ मधले. ते त्याच्या मृत्यूनंतर १९६६ साली छापले गेले. धुक्याच्या दुपारी तो चार्टवेलच्या चित्रशाळेत बापाच्या फाटलेल्या तसबिरीची नक्कल रंगवीत बसला आहे, आणि वळून पाहतो तो खुर्चीत बाप. बाप विचारतो: घोड्यांच्या शर्यती चालू आहेत का, राजघराणे आहे का, चर्चचे काय? हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाचेही विचारतो. ब्रह्मदेश १८८६ साली जोडला गेला तो रँडॉल्फच भारतमंत्री असताना. दोन्ही गेले, असे मुलगा खंतावून सांगतो, आणि बाप कण्हतो. दोन महायुद्धांची हकीकत ऐकून बाप हादरतो. मुलगा राखीव घोडदळात मेजर होता हे ऐकून त्याला विशेष काही वाटत नाही. तू राजकारणात शिरला असतास तर थोडे नाव काढले असतेस, असे म्हणून तो सिगारेट पेटवतो, आणि काडीच्या उजेडात दिसेनासा होतो. आपण काय झालो हे मुलगा सांगतच नाही. चाळीस वर्षांपूर्वी ज्याने बापाच्या तोंडून आपली कैफियत वदवून घेतली होती, तो येथे बापापुढे गप्प आहे. ही थोडी पाने मला त्या दोन खंडांहून मोठी वाटतात. पण हे मत मुलांच्या बाजूने झुकलेले असण्याचा संभव आहे, आणि वाचकाने ते त्या हिशेबाने घ्यावे.

वडिलांच्या धाडलेल्या पत्रात देशाच्या विकासाला हातभार लावण्याविषयी तीन ओळी आहेत. पहिल्या मसुद्यात खोडलेली ओळ अशी : ‘दोनदा पडलो, आता एकदा निवडून यावे असे मलाही वाटते.’ ही ओळ मी लेखात घेतली आहे. घरच्या मंडळींना लेख अजून दाखवलेला नाही.