धानाच्या बांधीतले हसू

तिरोडा तालुक्यातील बोदलकशाचा तलाव १९१७ सालचा. आज पर्यटक या गावाला ओळखतात ते त्या पाण्यामुळे आणि पाखरांमुळे. मला मात्र हा मुलूख आठवतो तो धानाची कापणी उरकल्यावर रिकाम्या बांधीत रंगणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांमुळे. पावसाळाभर चिखलात कंबर वाकवून रोवणी केलेली माणसे रात्रभर नाटकापुढे बसतात आणि विनोदी नट येताच पोट धरधरून हसतात. गडचिरोलीचे परशुराम खुणे हे अशांपैकीच एक नट, आणि शेतकरीही. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरी वृत्तपत्रांचे लक्ष या हसण्याकडे वळले.

कामाचा वैताग हसण्यावारी नेण्याची दुसरी तऱ्हा पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’त भेटते. धोंडो भिकाजी जोशी हा कारकून. खर्डेघाशीत त्याचे आयुष्य झिजते, पण तो साहेबावर दातओठ खात नाही. हसतो तो स्वतःलाच. ही नम्रता मला ख्रिस्ती वाटते. १५३५ साली डळमळता वधमंच चढताना संत थॉमस मोर यांनी आधाराला हात मागितला, आणि उतरण्याची काळजी मात्र माझी मीच वाहीन, अशी थट्टा केली. तुलना जरा मोठी झाली खरी, पण जात तीच.

तरीही माझे समाधान होत नाही. धोंडोपंतांच्या हसण्याने वैताग पचतो. वैतागाचे कारण जागचे हलत नाही. ‘चालायचंच, फादर’ असे म्हणून हसणारा माणूस आतून खचलेला असतो, हे मी कितीदा तरी उशिरा ओळखले आहे. त्याच्या हसण्याला आपण सहनशीलता म्हणतो आणि मोकळे होतो. पु. लं.चा धोंडो इतका लोभस आहे की, वाचकही असाच मोकळा होतो. पुस्तकाची हीच मोहिनी, आणि माझ्या मते हीच उणीव.

बांधीतला विनोद भरड असतो. बाईच्या किंवा अपंगाच्या अंगावर जाणारे प्रवेश मला खटकतात. ते गाळले तर रंगत उणावेल असेही वाटत नाही. पण तिथे एखाद्या सावकाराची फजिती झाली की माणसे एकमेकांकडे पाहून हसतात. पु. लं.चे पुस्तक मी खोलीत एकटा वाचतो. त्या रात्री मात्र शेजारच्या मजुराने हसता हसता माझ्याच गुडघ्यावर थाप मारली. मी पाद्री आहे हे त्याला ठाऊक नव्हते.