पडदा धोबीतलावात, टाळ्या सासष्टीत

परदेशी गेलेल्या गोवेकरांनी गावासाठी काय केलं, असा विषय निघाला की बोलणं पैशांवर येतं. ते साहजिक आहे. गोव्यातल्या बार्देश-सासष्टीतल्या कितीतरी घरांवरची कौलं तारवटी, म्हणजे बोटीवर राबणाऱ्या, बापाच्या पगारातून चढली, मुलींची लग्नं कुवेतच्या दिनारांवर लागली, इगर्जीचा रंग, गावच्या शाळेची खोली, फुटबॉलच्या मैदानाची भिंत यांसाठी आफ्रिकेतून, आखातातून, आता इंग्लंडमधून पैसे येत राहिले. या जमाखर्चात एक रक्कम मात्र कोणी मांडत नाही. ती म्हणजे तियात्र, कोकणीतलं गाण्यांनी भरलेलं नाटक. आज गोव्यात सर्वांत जास्त तिकिटं खपवणारा हा रंगमंच परक्या मुलखात राबणाऱ्या माणसांनी उभा केला आणि मग गावाला दिला.

तारीख सगळ्या तियात्रकारांना पाठ असते : 17 एप्रिल 1892, ईस्टरचा रविवार. मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ हा कोकणी खेळ झाला. तेव्हा गोवा पोर्तुगालचा आणि मुंबई इंग्रजांची. मुंबईत भांडी घासणारा, बोटीवर चढणारा, बँडमध्ये कॉर्नेट वाजवणारा गोवेकर सरहद्द ओलांडूनच आलेला असे. त्यातलाच एक लुकाझिन रिबेरो. एका इटालियन ऑपेरा मंडळीचा खेळ पाहून तो भारावला, त्यांच्यात पडद्यामागची कामं धरून गावोगाव हिंडला, आणि ती मंडळी ब्रह्मदेशाकडे निघाली तेव्हा मुंबईला परतला, असं सांगतात. परतताना त्याच्या डोक्यात आपल्या भाषेतला खेळ होता. काएतानिन फर्नांडिस आणि जुआंव आगोस्तिन फर्नांडिस त्याला येऊन मिळाले.

यातल्या जुआंव आगोस्तिनला पुढं ‘पाय तियात्रिस्त’, तियात्राचा बाप, ही पदवी लोकांनीच दिली. मडगावच्या रवींद्र भवनातलं सभागृह आज त्याच्या नावानं ओळखलं जातं. पहिल्या खेळाच्या उसन्या कथेवर तो थांबला नाही. 1895 साली त्यानं ‘सुंदरी काव्हेलची’ हे स्वतःचं तियात्र लिहून रंगमंचावर आणलं, आणि काव्हेल म्हणजे काळबादेवीजवळची गोवेकरांची वस्ती. पहिल्या स्वतंत्र तियात्राची नायिका मुंबईच्या गल्लीतली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गाव सोडलेल्या माणसानं गावाच्या आठवणी काढत बसण्याऐवजी जिथं राहतो तिथलं जगणं आपल्या बोलीत मांडलं. 1904 साली त्याच्याच ‘भाटकारा’त त्याची पत्नी रेजिना फर्नांडिस रंगमंचावर उभी राहिली, तियात्रातली पहिली स्त्री कलाकार म्हणून. आपल्या मराठी संगीत रंगभूमीवर तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करत होते. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले ते 1905च्या सुमारास. एकाच शहरात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच्या थिएटरांत या दोन गोष्टी घडत होत्या आणि आमच्या नाट्येतिहासात रेजिनाबाईंचं नाव सापडत नाही. ते यायला हवं.

हे खेळ बघायला कोण येत? कुडीतले लोक. कुड म्हणजे एका गावच्या माणसांनी मुंबईत मिळून घेतलेली जागा. धोबीतलावाच्या जेर महालात अशा कुडी अजून आहेत. लांब खोली, भिंतीशी ओळीनं मांडलेल्या ट्रंका, प्रत्येकीवर मालकाचं नाव, टोकाला गावच्या संताचा आल्तार. माणसाला ट्रंकेपुरती जागा मिळे आणि रात्री तिच्याशेजारी पथारी. संध्याकाळची तेर्साची प्रार्थना चुकवायची नाही, दारू पिऊन दंगा करायचा नाही, गावच्या फेस्तासाठी वर्गणी द्यायची. बोटीचं बोलावणं येईपर्यंत तारवटी इथं थांबे आणि बोटीवरून उतरला की गावाला जाण्याआधी पुन्हा इथंच येई. लालबाग-परळच्या गिरणगावात रत्नागिरीच्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या होत्या, त्यांचं आणि कुडीचं नातं सख्ख्या बहिणींचं. तिथं शक्ती-तुरा आणि नमन जगलं, इथं तियात्र.

तियात्राची बांधणी पाहिली तर तिच्यावर या माणसांच्या हातांचे ठसे दिसतात. खेळ साधारण सहा-सात पडद्यांत चालतो. पडदा पडला की पुढचं नेपथ्य लागेपर्यंत पडद्यापुढं गायक येतो आणि कांतार, म्हणजे गाणं, म्हणतो. या कांताराचा कथेशी संबंध असावाच लागत नाही. आपल्या नाट्यसंगीतात पद प्रसंगातून उगवतं. कांतारात गायक थेट लोकांशी बोलतो. विषय कालच्या वर्तमानपत्रातला असेल, गावच्या पंचायतीचा असेल, म्हाताऱ्या आईला गावात एकटं सोडून गेलेल्या मुलाचा असेल. खाली ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम. गायक एकेक कडवं चढवत नेतो आणि खरा टोला शेवटच्या ओळींत ठेवतो. तो बसला की सभागृहात शिट्ट्या आणि ‘वन्स मोअर’. गाणारा पुन्हा येतो तेव्हा त्याच्याकडं एक राखून ठेवलेलं कडवं असतं. सोलो, दुएत, त्रियो, सगळं धरलं तर एका खेळात पंधरावीस कांतारं सहज होतात. काही प्रेक्षक कथा विसरतात, पण कांतार पुढची कित्येक वर्षं त्यांच्या तोंडी असतं.

हा रंगमंच गावात पोचला तेव्हा त्याच्यासोबत बोलण्याची सवयही पोचली. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात संहिता आधी मंजूर करून घ्यावी लागे. जमीनदार भाटकारानं त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराला कसं वागवलं, नवरा परदेशी असलेल्या बाईनं घर कसं चालवलं, हुंडा, दारू, जातीचा माज, या गोष्टी चारचौघांत बोलल्या जाऊ लागल्या त्या या खेळांतून. विकास म्हणतात त्यात हेही धरावं, असं माझं मत आहे. 1967च्या जनमत कौलात तियात्रिस्तांची गाणी महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या विरोधात उभी होती. 34,021 मतांनी गोवा वेगळा राहिला, त्यात या गाण्यांचा हात होता. महाराष्ट्रातल्या अनेकांच्या तो निकाल तेव्हा जिव्हारी लागला असेल. पण एखाद्या समाजानं आपली बाजू गाऊन मांडावी आणि लोकांनी ती ऐकून मत द्यावं, यापरती रंगभूमीची ताकद कोणती?

मुंबईनंतर तियात्र पुणे-कराचीला गेलं, पूर्व आफ्रिकेत नैरोबीला गेलं आणि तेल निघू लागल्यावर आखातात. कुवेतमधला शुक्रवार हा तियात्राचा वार. सुट्टीचा दिवस तोच. शाळेचं सभागृह भाड्यानं घ्यायचं, पडदे कोणा सुताराच्या ओळखीनं करून घ्यायचे. तालमी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये. त्यात ऑफिसातला कारकून असतो, हॉटेलातला स्वयंपाकी असतो, रुग्णालयातली नर्स असते. शिफ्ट बदलली की तालीम बदलते. नायकाचा साहेब ऐन वेळी ओव्हरटाइम सांगतो तेव्हा प्रॉम्प्टर उभा राहून त्याची वाक्यं म्हणतो आणि बाकीचे त्याच्याशी तितक्याच जीव तोडून बोलतात. प्रयोगाच्या दिवशी दुपारपासून लोक येऊ लागतात, मुलांना तेवढ्यापुरते नवे कपडे, मध्यंतरात खाणंपिणं. तिथं जन्मलेल्या, घरी इंग्रजीत बोलणाऱ्या पोरांना कोकणी विनोद कळतो की नाही हे आईबाप त्यांच्या चेहऱ्याकडं बघून तपासत असतात. पोरगं हसलं की आईबापांचा जीव भांड्यात पडतो.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि पुढच्या आठवड्यांत 1 लाख 70 हजारांहून जास्त भारतीय, मुख्यतः अम्मानमार्गे, विमानांनी परत आणले गेले. त्यात गोवेकरही होते. आयुष्याची कमाई तिथल्या बँकेत अडकलेली, हातात एक बॅग. ज्या गावांत आखाती पगारावर घरं चालत होती तिथं काही महिने चुली मंद झाल्या. त्या पळापळीत किती हस्तलिखितं, किती ध्वनिफिती मागं राहिल्या असतील, या विचारानं मला आजही वाईट वाटतं. लोक मात्र परिस्थिती निवळल्यावर पुन्हा गेले आणि शुक्रवारचे खेळही पुन्हा लागले.

या खेळांतून पैसाही गावाला जातो. कोणाच्या ऑपरेशनसाठी, गावच्या कपेलाच्या छपरासाठी, अपघातात गेलेल्या सहकाऱ्याच्या कुटुंबासाठी मदतीचा प्रयोग लावणं ही जुनी रीत आहे. गोव्याहून नामांकित मंडळींना खेळासाठी बोलावलं जातं, आणि तियात्रावरच पोट असलेल्या कलाकाराला आखात-लंडनचा दौरा पावसाळ्याच्या मंद दिवसांत आधार होतो. कला अकादमीच्या स्पर्धा, 2009 साली स्थापन झालेली तियात्र अकादमी ऑफ गोवा, हे सगळं नंतरचं. त्याआधी कितीतरी दशकं हा डोलारा लोकांच्या खिशावर उभा होता, आणि त्यातले बरेचसे खिसे परदेशातले होते.

आता स्विंडन आणि साउथॉलकडं नवी गर्दी आहे. तिथं सभागृहं महाग, तारखा मिळत नाहीत, तरी खेळ होतात. तिथल्या कांतारांत पोर्तुगीज पासपोर्ट आला आहे, गोदामातली रात्रपाळी आली आहे, गावातलं कुलूप लावलेलं घर आलं आहे. काव्हेलच्या सुंदरीचीच ही पुढची पिढी आहे.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, एखादी कॅसेट, रोमी लिपीतली हातानं लिहिलेली वही, गुलाबी कागदावर छापलेलं जाहिरातपत्रक पडलेलं असेल. वडील कुवेतला असतानाचं, आजोबा धोबीतलावच्या कुडीत असतानाचं. तियात्र अकादमी पणजीत आहे आणि तिनं जुन्या संहिता छापायला सुरुवात केली आहे. पावसाळ्याच्या आधी ती ट्रंक उघडा. वहीच्या पहिल्या पानावर प्रयोगाची तारीख, सभागृह आणि कोणी कोणतं काम केलं हे आठवत असेल तर पेन्सिलीनं लिहून ठेवा. घरातल्या थोरांना विचारून आजच लिहा. कांताराची चाल कोणाला येत असेल तर मोबाइलवर गाऊन घ्या, आवाज थकलेला असला तरी चालेल, आणि हे सगळं पणजीला पोचवा.