बालसाहित्यातील अद्भुतकथा आणि ख्रिस्ती आशय
मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुतकथांत ख्रिस्ती कल्पना दोन प्रकारे येतात : उघड रूपकाच्या द्वारे किंवा कथानकाच्या घडणीतच मिसळून. पहिल्या प्रकाराचा आदर्श म्हणजे जॉन बन्यनचे द पिल्‌ग्रिम्स प्रोग्रेस (१६७८). ते मुलांसाठी लिहिलेले नव्हते; परंतु त्यातील प्रवास, राक्षस आणि दुर्ग यांमुळे मुलांनी ते आपलेसे केले. हरि केशवजी यांनी ते यात्रिकक्रमण (१८४१) या नावाने मराठीत आणले. १८७३ मध्ये सुरू झालेल्या बालबोधमेवा या मिशनरी मासिकामुळे मराठी मुलांना ख्रिस्ती वळणाचे वाचन मिळू लागले. तथापि मराठी ख्रिस्ती लेखनाचा कल अद्भुतापेक्षा उपदेशाकडे व पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या निसर्ग-वात्सल्यपर कवितेकडे राहिला.

दुसरा प्रकार एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत विकसित झाला. जॉर्ज मॅक्डोनल्ड (१८२४–१९०५) याच्या ॲट द बॅक ऑफ द नॉर्थ विंड (१८७१) या कथेत उत्तर वारा स्त्रीरूपाने येतो आणि मृत्यूचे भय हळूहळू मावळते. ऑस्कर वाइल्डच्या ‘द सेल्फिश जायंट’ (१८८८) मधील बालकाच्या हातापायांवर खिळ्यांच्या खुणा आहेत. त्यांचा अर्थ लेखक सांगत बसत नाही.

या परंपरेचा सर्वांत परिचित आविष्कार म्हणजे सी. एस्. ल्यूइस (१८९८–१९६३) याची नार्निया ही सात कादंबऱ्यांची माला (१९५०–५६). पहिल्या कादंबरीत मिठाईच्या मोहाने एडमंड भावंडांशी द्रोह करतो. त्याच्याऐवजी अस्लान हा सिंह स्वेच्छेने मृत्यू पतकरतो व पुन्हा जिवंत होतो. आपली कथा रूपक नसून ‘असे घडले असते तर’ या कल्पनेतून आली, अशी ल्यूइसची भूमिका होती. कथा घटनेतून बोलते तेथे ती प्रभावी ठरते. नियमांचे स्पष्टीकरण सुरू होताच तिच्यावर प्रवचनाची छाया पडते. याच मालेला छेद देणारी हिज डार्क मटीरिअल्स (१९९५–२०००) ही फिलिप पुलमनची कादंबरीत्रयी धर्मसत्तेविरुद्ध उभी राहते.

मृत्यू व पुनरुज्जीवन एवढ्यानेच कथा ख्रिस्ती ठरते काय, या प्रश्नाला नागपूरच्या इतिहासात एक उद्‌बोधक पुरावा आहे. स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आला. तेथील हिस्लॉप महाविद्यालय (१८८३) त्याच्याच नावाचे आहे. त्याने परधानांकडून मिळविलेले लिंगोचे गोंडी गीत त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल याने प्रसिद्ध केले. त्यात भाऊ मानलेलेच लिंगोचा वध करतात, अमृताने तो पुन्हा उठतो आणि गुहेत कोंडलेल्या गोंडांना मुक्त करतो. आकृतिबंध जुळतो; पण लिंगोचा मृत्यू विश्वासघाताने ओढवतो, दुसऱ्याच्या अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून नव्हे. ख्रिस्ती आशयाचा व्यवच्छेदक विशेष पुनरुज्जीवनात नसून, अपराध्याची शिक्षा निरपराध्याने स्वेच्छेने भोगणे आणि पात्रता नसता लाभणारी कृपा यांत आहे.

हा विवेक समीक्षेला आवश्यक आहे. त्याच्या अभावी प्रत्येक त्यागी नायकात ख्रिस्त शोधला जातो आणि लिंगोसारख्या कथेचे स्वत्व पुसले जाते. ल्यूइसच्या द लास्ट बॅटल (१९५६) मध्ये परदैवताचा प्रामाणिक उपासक एमेथ याचा अस्लान स्वीकार करतो. परंतु त्याचे दैवत मात्र खोटेच ठरते. या औदार्याची मर्यादा अन्य धर्मांतील बालवाचकाला जाणवू शकते. तरीही एडमंडची लाज आणि त्याला मिळालेली क्षमा समजण्यासाठी कोणत्याही दीक्षेची गरज नाही. बालसाहित्य म्हणून या कथांचे यश तेथेच आहे : ज्याला मूळ धर्मग्रंथ ठाऊक नाही अशा मुलालाही त्या पूर्ण वाटतात. जी कथा किल्लीवाचून उघडत नाही, ती धर्मबोधाला उपयुक्त ठरली, तरी बालकथा म्हणून उणीच राहते.