छप्पर उकरणारी चार माणसे

बायबलमधील कथा वाचताना त्या काळचे नगर डोळ्यांपुढे उभे करावे, असा अभ्यासकांचा आग्रह असतो आणि तो रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की ते नगर पाहायचे कोठून?

जेरुसलेमची प्रसिद्ध प्रतिकृती घ्या. पुरातत्त्वज्ञ मायकेल अवी-योना यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली ही प्रतिकृती १९६६ साली लोकांना खुली झाली. २००६ पासून ती इस्रायल म्युझियमच्या आवारात आहे. इ. स. ६६ च्या बंडापूर्वीचे शहर तीत १:५० या प्रमाणात साकारले आहे. तिच्यामागील विद्वत्तेविषयी मला आदर आहे. परंतु तिच्यापुढे उभा राहणारा मनुष्य शहराकडे वरून पाहतो, आणि कथेतली माणसे तर खाली उभी आहेत. मार्काच्या तेराव्या अध्यायात हेरोदाच्या मंदिराचे अजस्र दगड पाहून एक शिष्य थक्क होतो. त्यावर येशू सांगतो, की इथे दगडावर दगड राहणार नाही. मंदिराच्या चौथऱ्याच्या आधारभिंतीत आजही सुमारे साडेतेरा मीटर लांबीचा एक चिरा आहे. अशा चिऱ्याखाली उभे राहूनच त्या उत्तराचे धाडस कळते. इ. स. ७० मध्ये मंदिर पडले, हे ठाऊक असूनही कळते. प्रतिकृतीत तोच चिरा वीतभराहून थोडासाच मोठा होतो, आणि धाडसही तेवढेच उरते.

याउलट कफर्णहूमची घरे पाहा. उत्खननात तेथे काळ्या बसाल्टच्या ओबडधोबड भिंती आणि अंगणातून वर जाणारे जिने सापडले. छपरे तुळया, फांद्या आणि माती यांची असत. म्हणूनच मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती मित्राला आत सोडण्यासाठी चौघेजण छप्पर ‘उकरतात’. लूक हीच कथा सांगताना कौले आणतो. ग्रीक नगरांतील वाचकांना परिचित असे घर त्याने योजले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. मला तर लूक हाच या कथेचा पहिला चित्रकार वाटतो. त्याने घर बदलले आणि घराबरोबर क्रियापदही गेले. उकरण्यातली घाई, डोक्यावर पडणारी माती, घरधन्याचे झालेले नुकसान, हे सारे कौले बाजूला सारण्यात कोठून येणार?

आपल्याकडे देशावर धाब्याचे घर ज्याने पाहिले आहे, त्याला मार्क समजावून सांगावा लागत नाही. दगडही तोच, काळा बसाल्ट. तरीही आपण परदेशी चित्रांतील संगमरवरी खांबांवरच विसंबतो. आपले घर आंधळेपणाने तिकडे नेऊ नये, हे खरे; ती चूक लूकलाही चुकली नाही. पण उत्खननाने साक्ष दिली असेल, तेथे धाब्याने संकोच का करावा? नगराचे जे चित्र कथेतल्या क्रियापदाला जागा देते, तेच मी खरे मानतो.